ट्राम गेली, टीटी राहिले

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमची बैठक संध्याकाळी सहाच्या सुमारास भरते आणि तिथे कोणताही विषय वर्ज्य नसतो. तरीही बेसबॉलवरून आमच्यात कधी दीड तास भांडण होईल, असे मला परवापर्यंत वाटले नव्हते. निमित्त झाले एका चेंडूचे. आमच्यातला एक जण पंचवीस वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसच्या शेजारच्या पासाडेना गावी नोकरीला गेला, तेव्हापासून कट्ट्यावर त्याचे नावच पासाडेना पडले आहे. दर हिवाळ्यात तो महिनाभर येतो आणि येताना बदाम आणतो. या खेपेला त्याने अप्पांसाठी डॉजर्स या आपल्या लाडक्या बेसबॉल संघाच्या दुकानातून एक चेंडूही आणला. अप्पा बेस्टमधून निवृत्त झालेले आहेत आणि तरुणपणी कांगा लीगमध्ये ऑफस्पिन टाकत असत, त्यामुळे हातात आलेला चेंडू नुसता पाहून खाली ठेवणे त्यांना जमत नाही. त्यांनी तो दोन-तीनदा हवेत उडवून झेलला, बोटांनी शिवण चाचपली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अरे, हिला मधोमध जायचं माहीतच नाही, ही तर गावभर फिरून येते." खरोखरच पांढऱ्या कातड्याचे दोन तुकडे लाल दोऱ्याच्या 108 दुहेरी टाक्यांनी जोडलेले होते आणि ती शिवण घोड्याच्या नालासारखी वळणे घेत चेंडूभर हिंडत होती. वजनाला तो आपल्या चेंडूपेक्षा हलका होता, कारण क्रिकेटचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा असतो आणि हा फार तर 149 ग्रॅमचा. घेर मात्र किंचित मोठा. सामन्यापूर्वी नव्या चेंडूची चकाकी जावी म्हणून त्याला डेलावेअर नदीच्या परिसरातला चिखल चोळतात, असे पासाडेनाने सांगितले, तेव्हा चेंडू पँटवर घासणाऱ्यांच्या जगातून आलेल्या अप्पांनी त्याच्याकडे फार दुःखाने पाहिले.

पासाडेनाचा मूळ मुद्दा वेगळाच होता. 2028 च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट लॉस एंजेलिसजवळच्या पोमोना येथे आणि बेसबॉल डॉजर स्टेडियमवर व्हायचे ठरले आहे, तेव्हा आपण सगळ्यांनी त्या वर्षी त्याच्याकडे यावे, क्रिकेट पाहावेच, पण एक दिवस डॉजर स्टेडियमलाही द्यावा, कारण एवढा उज्ज्वल वारसा असलेला संघ जगात दुसरा नाही, असा त्याचा आग्रह होता. त्यावर वकिलाने विचारले, "डॉजर म्हणजे चुकवणारा ना? मग हे नेमकं काय चुकवतात, कर?"

पासाडेनाने शांतपणे खुलासा केला. हा संघ 1883 साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये स्थापन झाला आणि 1890 पासून नॅशनल लीग या बेसबॉलच्या बड्या स्पर्धेत खेळू लागला. त्याच दशकात ब्रुकलिनच्या रस्त्यांवर घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम धावू लागल्या. त्यांचा वेग लोकांच्या सवयीचा नव्हता आणि माणसे त्यांच्याखाली सापडत. जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणाऱ्या ब्रुकलिनकरांना बाहेरचे लोक 'ट्रॉली डॉजर', म्हणजे ट्राम चुकवणारे, म्हणून हिणवू लागले आणि ते हिणवणे पुढे संघाला चिकटले. मध्यंतरी ब्राइडग्रूम्स, सुपर्बाज, रॉबिन्स अशी नावे येऊन गेली, पण टिकले ते डॉजर्सच. ब्रुकलिनमधली शेवटची ट्राम 1956 साली बंद झाली आणि पुढच्याच वर्षी संघही तिथून उठून लॉस एंजेलिसला गेला. 1963 मध्ये तिथल्याही ट्राम बंद पडल्या. म्हणजे चुकवायला आता ट्राम कुठेच उरलेली नाही, पण नाव मात्र आहे.

हे ऐकताच अप्पा खुलले, कारण ट्राम हा त्यांच्या घरचा विषय आहे. "आपली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून दादरला आली. त्याला साठ वर्षं उलटून गेली, पण टॅक्सीवाल्याला आजही दादर टीटीच सांगायचं. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे त्याला माहीत नसलं तरी तो बरोबर तिथेच सोडतो. तेव्हा नाव राहणारच. नावाला रूळ लागत नाहीत."

"अप्पा, तुमचं टीटी दादरमध्येच आहे," वकील म्हणाला. "कुणा मालकाने ते नाव खिशात घालून बोरिवलीला नेऊन तिथल्या चौकाला लावलं असतं आणि वर दादरच्या दीडशे वर्षांच्या वारशाची पाटीही तिथेच ठोकली असती, तर तुम्ही काय केलं असतं, ते सांगा."

अप्पांनी काही क्षण विचार केला आणि चेंडू पासाडेनाच्या हातात परत दिला. वाद इथून सुरू झाला.

ब्रुकलिनची बाजू कुणीतरी घ्यायला हवी होती, ती अप्पांनी घेतली आणि तिला लागणारी माहिती, हे पासाडेनाच्या मोठेपणाचे लक्षण म्हणायला हवे, पासाडेनानेच पुरवली. ब्रुकलिन हे 1898 पर्यंत स्वतंत्र शहर होते. त्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले आणि त्यानंतर 'ब्रुकलिन' हे नाव मोठ्या मैदानावर मिरवणारी गोष्ट म्हणजे हा संघ. 1913 साली उघडलेले एबेट्स फील्ड हे त्यांचे मैदान जेमतेम 32 हजार प्रेक्षकांचे होते आणि खुर्च्या इतक्या जवळ, की खेळाडूला दिलेली शिवी त्याला ऐकू जात असे. हिल्डा चेस्टर नावाची एक बाई गायीच्या गळ्यातली घंटा वाजवत प्रेक्षकांत बसे. प्रेक्षकांपैकीच काही जणांचा एक बेसूर बँड होता आणि पंचांचा निर्णय पटला नाही की तो चालू होई. धावफलकाखाली एका कापड व्यापाऱ्याची जाहिरात होती, की या फलकावर चेंडू मारा आणि सूट मिळवा. अशा मैदानावरचा संघ 1916 आणि 1920 साली वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, जाऊन हरला. नंतर 1941, 1947, 1949, 1952 आणि 1953 असा पाच वेळा हरला आणि पाचही वेळा शेजारच्या यांकीज संघाकडून हरला. 'पुढच्या वर्षी पाहू' हे ब्रुकलिनचे जणू बोधवाक्यच झाले होते.

मग 4 ऑक्टोबर 1955 चा दिवस आला आणि इथे पासाडेनाने आवाज खाली आणला. सातवा आणि शेवटचा सामना, समोर पुन्हा यांकीज, डॉजर्सकडे 2-0 अशी आघाडी. नऊपैकी सहाव्या डावात यांकीजचे दोन खेळाडू बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना गाठायच्या थांब्यांवर, एकही बाद नाही आणि फटका मारायला योगी बेरा. त्याच डावात डाव्या कोपऱ्यात क्षेत्ररक्षणासाठी आणलेला सँडी अमोरोस हा क्यूबाचा खेळाडू डावखुरा होता, म्हणजे चेंडू झेलायचा त्याचा हातमोजा उजव्या हातात होता. बेराचा चेंडू सीमेच्या रेषेलगत पडणार, असे दिसताच अमोरोस जिवाच्या आकांताने धावला आणि उजवा हात पुढे करून त्याने तो झेलला; मोजा डाव्या हातात असता तर हात अंगावरून आडवा न्यावा लागला असता आणि चेंडू निसटला असता. झेल झाल्यावर त्याने लगेच फेक केली, बेस सोडून पुढे आलेला दुसरा खेळाडूही बाद झाला आणि डावातली हवाच निघून गेली. जॉनी पॉड्रेस या 23 वर्षांच्या पिचरने, म्हणजे त्यांच्या गोलंदाजाने, यांकीजना एकही धाव दिली नाही. ब्रुकलिनने जिंकलेली ती पहिली वर्ल्ड सिरीज.

"आणि शेवटचीही," वकील म्हणाला. "दोन वर्षांनी 24 सप्टेंबर 1957 ला एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला, त्याला 6,702 माणसं होती. 1960 मध्ये मैदान पाडलं, ते पाडणाऱ्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखे रंगाचे टाके काढून. याला वारसा म्हणतात?" हे सगळे त्याने आम्ही बोलत असताना मोबाइलवर वाचले होते, हे मी पाहिले होते, पण वकिलाला साक्षीदार कुठून मिळाला, हे विचारायचे नसते.

मास्तर इतका वेळ गप्प होते. त्यांनी 35 वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे आणि त्यांच्या मते वादाची सगळी मांडणीच चुकली होती. "मैदान कुठे होतं आणि झेल कुणी घेतला, हा वारसा नव्हे. तुम्ही जॅकी रॉबिन्सनचं नाव अजून घेतलेलं नाही," असे म्हणून त्यांनी जे सांगितले, ते सांगताना कट्ट्याचा वर्ग झाला होता. 1880 च्या दशकापासून अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल संघांत काळ्या खेळाडूला घ्यायचे नाही, असा अलिखित नियम होता. कागदावर नसल्यामुळे तो मोडायचा कुठे, हेच कळत नसे. डॉजर्सचे त्या वेळचे सूत्रधार ब्रांच रिकी यांनी 1945 मध्ये रॉबिन्सनला गुपचूप बोलावून घेतले, मैदानावर लोक काय काय म्हणतील, याची घाणेरड्या भाषेत रंगीत तालीम केली आणि हे सगळे उलट उत्तर न देता सोसण्याचे धैर्य तुझ्यात आहे का, असे विचारले. हा रॉबिन्सन मुळात सोसणाऱ्यांतला नव्हता. वर्षभरापूर्वीच लष्करात असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिल्याबद्दल त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला होता आणि तो निर्दोष सुटला होता. 15 एप्रिल 1947 रोजी एबेट्स फील्डवर 42 क्रमांकाचा शर्ट घालून तो पहिल्या बेसवर उभा राहिला. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 1949 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. 1997 मध्ये 42 हा क्रमांक सगळ्याच संघांतून निवृत्त करण्यात आला आणि आता दर 15 एप्रिलला प्रत्येक संघाचा प्रत्येक खेळाडू 42 क्रमांकाचाच शर्ट घालतो. "एका संघाने केलेली एक गोष्ट सगळ्या खेळाला दरवर्षी अंगावर घालावी लागते. याहून मोठा वारसा मला दाखवा," मास्तर म्हणाले.

पासाडेनाला आनंदाचे भरते आले. "आणि मास्तर, रॉबिन्सन जन्मला जॉर्जियात, पण वाढला कुठे? पासाडेनात! त्याची आई तान्ह्या पोराला घेऊन तिथे आली. म्हणजे संघ लॉस एंजेलिसला आला, तो एका अर्थाने त्याच्या घरी आला."

"घरी आला तेव्हा तो संघात होता का?" वकिलाने विचारले. होता असे म्हणता येत नाही, हे पासाडेनाला माहीत होते. डिसेंबर 1956 मध्ये डॉजर्सने रॉबिन्सनला कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या जायंट्स संघाला देऊन टाकले. त्याने निवृत्ती पत्करली, पण त्या संघात गेला नाही. वकील एवढ्यावर थांबला नाही. रॉबिन्सन आधी कॅन्सस सिटी मोनार्क्स या काळ्या खेळाडूंच्या संघात खेळत होता. रिकींनी त्याला उचलले, पण मोनार्क्सना एक डॉलरही दिला नाही. त्याच 1947 साली क्लीव्हलंड संघाच्या मालकाने लॅरी डोबी या काळ्या खेळाडूला घेतले, तेव्हा त्याच्या न्यूअर्क ईगल्स संघाला निदान पैसे मोजले. एकेक गुणी खेळाडू असा निघून गेल्यावर काळ्या लोकांनी उभ्या केलेल्या त्या लीग दोन-चार वर्षांत खचल्या. "म्हणजे दार उघडलं हे खरं, पण दार उघडणाऱ्याने शेजारच्या घराची चौकटही काढून नेली."

मास्तरांना हे लागले, पण त्यांनी नाकारले नाही. मला स्वतःला त्या क्षणी आठवली ती 1987 ची घटना आणि ती मी सांगितली. रॉबिन्सनच्या पदार्पणाला 40 वर्षे झाली म्हणून दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम होता आणि त्यात डॉजर्सचे वरिष्ठ अधिकारी अल कॅम्पॅनिस बोलत होते. 1946 मध्ये डॉजर्सच्याच हाताखालच्या मॉन्ट्रियलच्या संघात रॉबिन्सनच्या शेजारी खेळलेला हा माणूस. काळे लोक मॅनेजर, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक, का होत नाहीत, असे विचारल्यावर तो म्हणाला, की त्या कामाला लागणाऱ्या काही गोष्टी कदाचित त्यांच्यात नसाव्यात. दोन दिवसांत त्याची नोकरी गेली. मला त्यातली नोकरी जाण्याची गोष्ट महत्त्वाची वाटत नाही. रॉबिन्सनच्या खांद्याला खांदा लावून खेळूनही 40 वर्षे जे डोक्यात राहू शकले, ते वाटते. 42 चा शर्ट घालणे सोपे आहे.

एवढ्यात सुलभाताई आल्या. त्या नगररचना विभागातून निवृत्त झाल्या आहेत आणि भूसंपादन हा शब्द उच्चारला की त्यांची पाठ ताठ होते. संघ ब्रुकलिनमधून का गेला, एवढेच त्यांनी विचारले आणि पासाडेनाने अमेरिकेत सत्तर वर्षे चाललेला वाद पाच मिनिटांत सांगितला. वॉल्टर ओमाली हे 1950 पासून संघाचे अध्यक्ष होते. एबेट्स फील्ड मोडकळीला आले होते, तिथे जेमतेम सातशे गाड्या उभ्या राहत आणि प्रेक्षक तर मोटारी घेऊन उपनगरांत राहायला गेले होते. 1953 मध्ये बोस्टनचा संघ मिलवॉकीला गेला आणि तिथे पहिल्याच वर्षी 18 लाख लोक सामन्यांना आले, हे पाहून ओमालींची झोप उडाली. त्यांना अटलांटिक आणि फ्लॅटबुश हे रस्ते मिळतात, त्या कोपऱ्यावर रेल्वे स्थानकाला लागून स्वतःच्या पैशाने नवे स्टेडियम बांधायचे होते. घुमटांसाठी प्रसिद्ध असलेले रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्याकडून त्यांनी घुमटाचा आराखडाही करवून घेतला होता. जागेचे तुकडे अनेक मालकांचे होते आणि ते शहराने सक्तीने संपादित करून द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. न्यूयॉर्कच्या बांधकामांवर त्या काळी एकहाती सत्ता गाजवणाऱ्या रॉबर्ट मोझेस यांनी ती फेटाळली आणि क्वीन्समध्ये फ्लशिंग मेडोजला शहराच्या मालकीचे स्टेडियम बांधून देतो, तिथे भाड्याने या, असे सुचवले. ओमाली म्हणाले, क्वीन्सला गेलो तर आम्ही ब्रुकलिनचे राहिलो कसे. आणि मग ते साडेचार हजार किलोमीटरवर निघून गेले. दोन गोळ्या असलेले पिस्तूल हातात आहे आणि समोर हिटलर, स्टालिन आणि ओमाली उभे आहेत, तर काय कराल, असा एक कडवट विनोद ब्रुकलिनमध्ये वर्षानुवर्षे चालत आला आहे. दोन्ही गोळ्या ओमालींना, हे त्याचे उत्तर.

सुलभाताई हसल्या नाहीत. "मोझेस माणूस कसाही असो, या प्रकरणात बरोबर होता," त्या म्हणाल्या. "1949 च्या त्यांच्या गृहनिर्माण कायद्यात सरकारने मोडकळीची वस्ती संपादित करायची, साफ करायची आणि स्वस्तात विकासकाला द्यायची, अशी सोय होती आणि तोट्याचा मोठा भाग केंद्र सरकार सोसायचं. ही सोय खासगी क्लबच्या स्टेडियमसाठी वापरणं, हे सार्वजनिक कामात बसत नाही, असं तो म्हणाला असेल, तर फाइलवर मीही तेच लिहिलं असतं."

"त्याने स्वतः त्याच कायद्याखाली हजारो गरिबांना हुसकावलं होतं, ते कोणत्या सार्वजनिक कामात बसत होतं?" पासाडेनाने विचारले.

"म्हणून तर म्हटलं, माणूस कसाही असो. आता मला हे सांग, की लॉस एंजेलिसने जमीन कुठून दिली?"

पासाडेनाने चेंडू या हातातून त्या हातात केला. माझ्या मते वादाचा खरा सांधा इथेच होता आणि हे सांगताना तो एकदाही अडखळला नाही, म्हणजे ही गोष्ट त्याने मनात पुष्कळदा उगाळलेली असावी. शहराच्या मध्याजवळच्या शाव्हेझ रॅव्हीन या टेकड्यांमध्ये पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशी मेक्सिकन वंशाच्या लोकांची तीन खेडी होती. कोंबड्या, शेळ्या, भाजीचे मळे आणि आपापली लहान घरे. 1950 मध्ये घरोघर पत्रे आली, की इथे सरकारी वसाहत बांधायची आहे, जमिनी घेतल्या जातील आणि नव्या घरांवर पहिला हक्क तुमचा असेल. रिचर्ड नॉयट्रा यांच्यासारखा नामांकित वास्तुविशारद त्या आराखड्यावर काम करत होता. बहुतेक लोक निघून गेले. मग सरकारी घरे म्हणजे साम्यवाद, अशी आवई उठली. योजना राबवणारे अधिकारी फ्रँक विल्किन्सन यांना तुमचे राजकीय लागेबांधे सांगा, असे न्यायालयात विचारले गेले, त्यांनी सांगायला नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. 1953 मध्ये वसाहतीला विरोध करणारा महापौर निवडून आला, योजना रद्द झाली आणि रिकामी झालेली जमीन सार्वजनिक कामासाठी वापरण्याच्या अटीवर शहराला मिळाली. चार वर्षांनी त्यातली सुमारे 300 एकर जमीन ओमालींना देण्याचा करार झाला आणि जून 1958 मध्ये लोकांनी मतदानाने, अगदी थोड्या फरकाने, त्याला मान्यता दिली. 8 मे 1959 रोजी तिथे उरलेल्या आरेचिगा कुटुंबाला घराबाहेर काढले. घरातल्या एका बाईला हातपाय धरून पायऱ्यांवरून खाली आणतानाचे दृश्य घरोघरच्या दूरचित्रवाणीवर दिसले. 10 एप्रिल 1962 रोजी तिथे 56 हजार प्रेक्षकांचे डॉजर स्टेडियम उघडले.

"त्या कुटुंबाची शहरात दुसरी घरं होती, हे नंतर वर्तमानपत्रांनीच छापलं," पासाडेना म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"माझ्या दोन सदनिका असल्या, तर एक तू फुकट घेशील?" सुलभाताई म्हणाल्या आणि मग, न्यायाने बोलण्याची सवय असल्यामुळे, पुढे हेही म्हणाल्या, की बहुतेक लोकांना तिथून काढले ते डॉजर्सनी नव्हे, शहराने, आणि तेही घरे बांधण्याच्या नावाखाली, ओमाली आले तेव्हा वस्ती जवळजवळ रिकामी होती. "पण जे न्यूयॉर्कने नाकारलं, तेच लॉस एंजेलिसने केलं. ब्रुकलिनचे लोक मोझेसला शिव्या देतात, तेव्हा त्यांना इतकंच म्हणायचं असतं, की हे आमच्याकडे का नाही केलं." आणखी एक गोष्ट पासाडेनानेच सांगितली. ओमालींना हव्या असलेल्या त्या कोपऱ्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, 2012 मध्ये बास्केटबॉलचे बार्कलेज सेंटर उभे राहिले आणि त्यासाठीच्या भूसंपादनावरून वर्षानुवर्षे कोर्टकज्जे झाले.

आता पासाडेनाला आपली बाजू सावरायची होती आणि ती त्याने चांगली सावरली. सुरुवातीची चार वर्षे डॉजर्स ऑलिंपिकच्या जुन्या कोलिझियम मैदानावर खेळले. तिथे 90 हजारांवर माणसे मावत, पण मागे बसणाऱ्याला चेंडू दिसत नसे. म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि समोरच चाललेला सामना व्हिन स्कली या समालोचकाच्या तोंडून ऐकत. (ब्रेबॉर्नवर आम्हीही तेच करायचो, असे अप्पा म्हणाले आणि क्षणभर ते लॉस एंजेलिसच्या बाजूला झुकल्यासारखे वाटले.) स्कली 1950 मध्ये ब्रुकलिनमध्ये बोलायला बसले, ते 2016 मध्ये लॉस एंजेलिसला थांबले, 67 हंगाम एकच आवाज. स्पॅनिशमधून हायमे हारीन यांनी 64 वर्षे समालोचन केले. आणि 1981 मध्ये मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातल्या एका लहानशा खेड्यातला, वीस वर्षांचा, अंगाने गुबगुबीत फर्नांडो व्हॅलेन्झुएला आला. चेंडू टाकताना तो डोळे आकाशाकडे लावत असे, उलटा वळणारा त्याचा स्क्रूबॉल भल्याभल्यांना कळत नसे आणि त्याने पहिले आठही सामने जिंकले. त्या एकाच वर्षी तो सर्वोत्तम नवोदितही ठरला आणि सर्वोत्तम पिचरही. शाव्हेझ रॅव्हीनची आठवण ठेवून ज्या मेक्सिकन घरांनी स्टेडियमकडे पाठ फिरवली होती, त्यांतली पुष्कळ घरे त्याच्यासाठी पहिल्यांदा टेकडी चढून आली. "सगळी आली नाहीत," पासाडेनाने प्रामाणिकपणे जोडले. "काही घरांत आजही डॉजर्सची टोपी आत आणू देत नाहीत."

पुढचे त्याने भराभर सांगितले. 1995 मध्ये जपानचा हिदेओ नोमो, डिसेंबर 2023 मध्ये दहा वर्षांसाठी 70 कोटी डॉलरना करारबद्ध झालेला शोहेई ओहतानी, 2024 ची वर्ल्ड सिरीज यांकीजविरुद्ध आणि 2025 ची टोरांटोविरुद्ध जिंकलेली. संघाची आजवरची विजेतेपदे नऊ. मला या भागात फारसा रस वाटला नाही. इतका पैसा असलेल्या संघाने जिंकणे, हे बातमीत शोभते, कट्ट्यावर नाही. अप्पांनी मात्र हिशेब अचूक धरला. "नऊपैकी ब्रुकलिनचं एकच, आणि तुम्ही सगळे दीड तास त्याच एकाबद्दल बोलताय."

वकिलाने शेवटी आपला निवाडा दिला आणि तो त्याच्या धंद्याला धरून होता. वारस म्हणून उभे राहायचे, तर मिळकतीबरोबर देणीही येतात, निदान मिळकतीच्या मर्यादेपर्यंत तरी. लॉस एंजेलिसच्या संघाला रॉबिन्सन हवा असेल, 1955 चा अमोरोसचा झेल हवा असेल, तर एबेट्स फील्डवरची ती शेवटची 6,702 माणसे, मोनार्क्सचे न दिलेले पैसे आणि ती तीन खेडी, हे सगळे त्याच खात्यावर लिहायला हवे. मास्तर म्हणाले, की खाते एकच असेल, तर जमेची बाजूही पुसता येणार नाही आणि 42 हा आकडा त्या बाजूला कायम राहील. वकिलाने ते मान्य केले, जे तो सहसा करत नाही. सुलभाताईंचे म्हणणे असे पडले, की देणे संघाचे कमी आणि शहराचे जास्त. यावर एकमत झाले नाही.

काळोख पडत आला होता आणि मैदानातली पोरे यष्ट्या उपटून निघाली होती. पासाडेनाने चेंडू पुन्हा अप्पांना दिला आणि सहज बोलल्यासारखा म्हणाला, की पालो वेर्देची प्राथमिक शाळा अजून तिथेच आहे. स्टेडियमसाठी टेकड्या कापून दऱ्या बुजवल्या, तेव्हा तीही मातीच्या भरावाखाली गेली आणि तिच्यावर आता पार्किंग आहे. तो कितीतरी वेळा तिथे गाडी लावून सामन्याला गेला आहे, हे त्याला अलीकडेच कळले.

मास्तर उठायच्या बेतात होते, ते परत बसले. "म्हणजे शाळा पाडली नाही? उभीच पुरली?"

"उभीच."

"फळ्यांसकट?"

पासाडेनाला ते सांगता आले नाही. मास्तरांनी छत्री उचलली आणि दोन पावले जाऊन वळून म्हणाले, 2028 ला येईन म्हणतो, पण सामन्याच्या दिवशी नको, पार्किंग रिकामे असेल अशा दिवशी ने.